परिशिष्ट चौदा

योह्वीच्या कचेरीत, खिडकीशी एक बरणी आहे,
काकडीच्या लोणच्याची, झाकण गंजलेलं.
आत पाणी. तळाशी बोटभर करडा गाळ.
वर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी:
परिशिष्ट चौदा.

सुनावणी कासिकसूच्या शाळेत झाली,
बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल मांडून.
मी इतिवृत्त लिहीत होतो.
उपसचिव वारिकनी पडद्यावर दोन रकाने दाखवले.
डावीकडे खाण: रोजगार, कर, आणखी तेरा वर्षांची वीज.
उजवीकडे भूजल, दलदल, काळे करकोचे.
मधे एक रेघ, फूटपट्टीनं मारलेली.
"समतोल," ते म्हणाले.
लेझरचा लाल ठिपका रेघेवर जरासा थरथरला.

मग हेल्यू पिह्लाक उठल्या. वय एक्याऐंशी.
पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली,
नकाशावर ओलं वर्तुळ उमटलं.
"माझ्या आडातलं शेवटचं.
दोर दोनदा वाढवला,
मग पोहरा नुसता दगडावर वाजायला लागला."

मी 'हरकत' या शब्दापुढे लेखणी टेकवली.

"हरकत नाही माझी," त्या म्हणाल्या.
"नातू तिथंच आहे, राइको, रात्रपाळीला.
त्याच्या पगारातून छपराचे पत्रे बदलले.
नवरा त्या धुळीनं गेला,
त्याचं पेन्शनही तिथूनच येतं.
खाण बंद करा म्हणायला मला तोंड नाही,
चालू ठेवा म्हणायला घशात ओल नाही.
तुम्ही शिकलेली माणसं. एवढंच सांगा,
ती मधली रेघ
माझ्या परसातून नेमकी कुठून जाते?
म्हणजे बटाटे त्या हिशोबानं लावीन."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
वारिकनी बाटलीतून घोट घेतला
आणि पुढच्या नावाकडे वळले.

फॉर्मवर दोनच चौकोन होते.
बाजूने. विरुद्ध.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून,
हे लिहायला ओळ नव्हती.
मी बराच वेळ थांबलो, मग लिहिलं:
बरणी जमा.

फाइल ताल्लिनला गेली. बरणी राहिली,
टपालात पातळ पदार्थ घेत नाहीत.

आता मार्च सरतोय.
खिडकीखालचा रेडिएटर दिवसभर कढत असतो,
त्यातली ऊब तिच्या गावाखालच्या
जळणाऱ्या खडकाची.
मी रोज येतो, कोट काढतो,
आधी हात शेकतो, मग टपाल बघतो.
झाकण नीट बसत नाही.
मागच्या शुक्रवारी काचेवर पेन्सिलनं खूण केली होती,
आज पाणी खुणेच्या नखभर खाली.

निर्णय आलेला नाही.

काल राइकोचा फोन आला, पाळी संपवून,
आवाज झोपेनं जड.
आजी विचारतेय, म्हणाला,
तुमचं काम झालं असेल तर
बरणी परत पाठवाल का,
जुलैत काकड्या येतील.