रकाना सतरा

सतराव्या रकान्यात तीन चौकोन:
जिवंत. मृत. संपर्क तुटला.
तिसऱ्यावर फुली मारली की काम संपतं,
कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

नाल्वोगा. वय एकेचाळीस. मानेत गाठी.
धंदा: मासे धुरावणं, सरोवराच्या धक्क्यावर.
पहिल्या दिवशी ओकवीर सर म्हणाले होते,
"काचेखालच्या पेशी नंतर बघ. आधी हात बघ."
मी पाहिले. नखं पिवळी.
मी म्हणालो कावीळ, मग यकृत,
मग आणखी दोन लांबलचक नावं.
सर गप्प. खाटेभोवतीचे सगळे शिकाऊ गप्प.
शेवटी तीच म्हणाली, "धूर आहे रे बाळा,"
आणि अख्खा वॉर्ड हसला,
शेजारच्या खाटेवरची तर सलाईनची नळी धरून.

संमतीपत्र मी तिला लुगांडात वाचून दाखवलं.
मी उत्तरेचा, गुलूचा. माझी लुगांडा अडखळते;
दोनदा तिनंच मला शब्द पुरवला.
हे औषध सहा वेळा देतात. चार वेळा पुरेल का, ते बघायचंय.
कुणाला चार, कुणाला सहा,
हे मी ठरवत नाही, सर ठरवत नाहीत,
बंद पाकीट ठरवतं.
"त्या पाकिटात मी आत्ताच आहे का?"
बावीस पानांत याचं उत्तर नव्हतं.

मग अंगठा. मग पाकीट. मग चार.
"कमी का? पैसे नाहीत म्हणून?"
नाही, म्हणालो, कमीत भागतं का, तेच तर
"मला विचारायचंस. कमीत भागत नसतं."

चौथ्यानंतरच्या तपासणीला ती आली नाही.
फोन बंद. शेजारणीचा फोन बंद.
परदेशातून आलेली तपासनीस बाई
पेनाच्या टोपणानं सतरावर टकटक करत राहिली,
सभ्यपणे, मला घाई नाही अशा बेतानं.

शनिवारी निघालो. दोन बस, मग भाड्याची मोटारसायकल,
मागे सिस्टर नाम्पीमा, माझ्या खांद्यात नखं रुतवून
लाल धुळीत देवाचं नाव घेत.

ती दिसली धुरात. केस परतलेले,
शाळकरी पोराएवढे.
गिऱ्हाइकाशी भावावरून हमरीतुमरी चाललेली;
मला पाहून फक्त तळहात दाखवला: थांब.
थांबलो. मासा विकला गेला. पैसे मोजले, परत मोजले.
मग तिनंच माझी दोन बोटं धरली
आणि डाव्या कानाखाली नेऊन ठेवली.

शेंगदाण्याएवढी. कडक. सरकत नव्हती.

"फोन विकला नाही," म्हणाली. "बंद ठेवला.
तू दर वेळी फीत लावून मोजायचास,
आकडा घटला की तुझे कान लाल व्हायचे.
म्हटलं, पोराचा हिशेब आपल्यामुळे कशाला बिघडवा."

सिस्टर नाम्पीमा तोंड फिरवून
होड्या बघायला लागली.

"आता ते उरलेले दोन दे."

तसं होत नाही, म्हणालो.
दुसरं औषध आहे. जास्त कडक. खात्री कमी.
हे शेवटचं वाक्य गिळता आलं असतं;
सर म्हणतात, गिळलेलं वाक्य पेशंटच्या पोटात जातं.
ती माशांवरच्या माश्या हाकत राहिली.
"आणि माझा हिशेब? तो तुमच्या कामाला येईल?"
येईल, म्हणालो. आणि माझी मलाच लाज वाटली,
कारण ते खरं होतं.

परतीच्या बसमध्ये फॉर्म मांडीवर.
जिवंत. फुली खड्ड्यानं वाकडी गेली.
अठराव्या रकान्यात: आजार परतला. तारीख. सही.

सोमवारी ओकवीर सरांनी कागद उचलला,
नाकाशी नेला. मासे. धूर.
माझी नखं पाहिली.
काहीच बोलले नाहीत बराच वेळ,
मग खिसा चाचपत म्हणाले,
"गुरुवारी येते ना? बसभाडं कुणी दिलं तिला?"