आसनव्यवस्था

सत्तावीस वर्षं कोथरूडच्या नाट्यगृहात
तिकीटखिडकीमागे बसले मी.
समोर तक्ता, हातात लाल पेन्सिल,
गेलेल्या खुर्चीवर फुली.

डॉक्टर तांबोळींनी कागद पुढे ओढला,
शंभर गोल काढले, दहा रांगा,
आणि मी हसले. त्यांना कळेना का.

"तुमच्यासारख्या शंभर बायका समजा.
ऑपरेशन झालंय. केमो नाही दिली,
तरी चौऱ्याऐंशी जणी दहा वर्षांनी ठणठणीत.
दिली, तरी बाराजणींना आजार परत गाठतो.
उरल्या या चार.
यांच्यासाठी शंभरजणींना औषध."

माझी खुर्ची कुठली?
"ते मला दिसत नाही, शैलाताई.
कुणालाच दिसत नाही."

भाव ऐकला, आता वजावट सांगा.
केस जातील, येतील.
बोटांची टोकं पुष्कळजणींची बधिर होतात,
दहाएक जणींची तशीच राहतात.

बोटं.
न बघता नोटा मोजणारी,
चिकटलेली दोन तिकिटं अंधारात ओळखणारी.

घरी जाऊबाईंचा फोन:
त्यांच्या विहीणबाईंना नसरापूरचा काढा
असा लागू पडला, आठ वर्षं झाली.
कागद समोरच होता. म्हटलं,
त्या चौऱ्याऐंशीतल्या असतील, काढ्याशिवायही.
पलीकडे शांतता. मग, "तू फार शिकलीस हं."
मुलगा म्हणतो, घेऊन टाक, रिस्क कशाला?
जशी काही ती एकाच बाजूला असते.

रविवारी रात्री प्रयोग सुटला.
झाडणाऱ्या यायच्या आधी आत गेले,
पहिल्या दहा रांगा, दहा-दहा खुर्च्या धरून
मोजल्या.
कागदावर त्या चार नखाएवढ्या होत्या.
इथे त्यांना हात होते, उसवलेलं रेक्झिन,
एकीवर कुणाचा तरी विसरलेला गजरा.
मग दहा मोजल्या. त्यांनाही हात होते.
दत्तूनं वरून विचारलं, बाई, लाइट घालवू?
म्हटलं, थांब जरा.

बुधवारी डॉक्टरांना विचारलं,
सुरू करून मध्येच थांबता येतं?
"येतं. मग फायदा किती उरतो,
याचे आकडे मात्र कच्चे आहेत."
कच्चे म्हणाल्या, ते बरं वाटलं.
लिहा मग: सुरू.
बोटं सकाळीही बधिर राहू लागली
की थांबायचं. ठरवणार मी.

त्यांनी लिहिलं. मी सही केली,
आणि सवयीनं कागदाची कड
अंगठ्यानं चाचपून पाहिली,
एकच आहे ना.