मनकवडा, पातळी एक

माहीमला, कापड बाजाराच्या मागे
शार्दूलच्या मामाचं शिवणकामाचं दुकान.
शनिवारी दहानंतर शटर अर्ध्यावर येतं
आणि कटिंगच्या टेबलावर
खडूनं गुहा आखली जाते.
बटणं म्हणजे राक्षस.
सफारीची मोठी तपकिरी बटणं म्हणजे राक्षसांचे मुकादम.
अंगुस्तान हा ड्रॅगन, कारण ते एकच आहे.

नव्या पुस्तकात सहा वर्ग आलेत, मनाच्या ताकदीचे.
झुबेर म्हणतो, हा जादूगारच की, नाव बदललेला.
रूथ पेणकर म्हणते, नाही.
जादूगार पोथी घोकतो,
पुजारी देवाकडून उसनं आणतो,
ह्यांचं घरचंच असतं.
घरचं म्हणजे कुठलं?
रूथ छातीकडे बोट नेते, मग कपाळाकडे,
मग म्हणते, पुढचं पान वाचू या.

आम्ही जुळवत बसतो, जमेल तसं.
वस्तूला हात लावून तिचं मागचं सगळं सांगणारा:
मामा तसाच. उसवलेली कॉलर चाचपतो
आणि म्हणतो, गिऱ्हाईक डावखुरं.
मेलेल्यांना अंगात घेणारी:
शार्दूल म्हणतो, आमच्या आळीत दर नवरात्रात एक असते,
तिची पातळी कुणी विचारली नाही.
न शिवता पेला सरकवणारा.
आणि मनकवडा.
हा शब्द आपल्याकडे होताच,
त्याच्यासाठी फासे टाकत नव्हते, एवढंच.

मी तीन वर्षं तलवारवाला आहे.
तलवारीला बोलावं लागत नाही.
एकदाच जादूगार घेतला होता.
आमच्यात नियम, मंत्र मोठ्यानं म्हणायचा.
अ, अ, अ,
अग्नी काही येईना.
सगळे थांबले. चांगले आहेत ते, थांबतात,
आणि त्यांचं ते थांबणंच माझ्या घशात बसलं.
शेवटी शार्दूलनं हळूच
माझ्या वतीनं फासा टाकला.
एकोणीस पडले. आग लागली.
मी तिच्याकडे बघितलंही नाही.

आता रूथ वाचते:
ह्या वर्गांना जीभ लागत नाही, हातवारे लागत नाहीत,
मनात आलं की पुरे.
मी पुस्तक तिच्या हातातून जवळजवळ ओढतोच.
खाली, बारीक अक्षरांत:
पात्र घाबरलेलं असेल तर विद्या चालत नाही.

घ्या.
सहावीपासून रोज हजेरीला
जे माझ्यापुरतंच आहे असं वाटायचं
ते कुणीतरी छापलंय, पान एकशे बारा,
डावीकडच्या चौकटीत.

भ, भीती घालवायची कशी, मी विचारतो.
रूथ पानं चाळते. बराच वेळ.
एक फेरी वाया घालवायची, ती म्हणते.
काही करायचं नाही, नुसता श्वास.
पुढच्या फेरीला चालते.
झुबेर म्हणतो, महाग आहे.
मला तरी स्वस्त वाटली.

मामा आतून ओरडतो, किती वाजले बघितलंत का?
शार्दूल पेन्सिलीला टोक काढतो,
कोरा कागद माझ्यासमोर सरकवतो.
नाव काय ह्याचं?

मी एक फेरी वाया घालवतो.
बटणं जागच्या जागी.
मशीनच्या चाकावर रस्त्यावरचा उजेड.
कुणाचाही हात फाशाकडे जात नाही.

अनिरुद्ध, मी म्हणतो.
दोनदा अडून. पण मीच.