आठशे एकोणनव्वद

लंबकाचे वीस झोके मोजायचे होते.
भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट,
त्यात तेरावा की चौदावा, एक निसटला.
जी आला आठशे एकोणनव्वद.

बाकी बॅचचा नऊशे ऐंशी,
वही एकच, सुरेखाच्या ताईची, गेल्या सालची.

मुलाणी मामा गोळे कपाटात ठेवत होते.
माझा आकडा बघून म्हणाले,
'विट्यात पृथ्वी जरा कमीच ओढते गं,
म्हणून तर घरटी एकजण गलाईला बाहेर.'

आमच्या घरातला दिगंबर.
कोइमतूरला एका जिन्याखाली सोनं आटवतो.
रविवारी फोनवर विचारतो, शिकवतात तरी काय?
सांगितलं, दोऱ्याला टांगलेलं बाजूला नेऊन सोडलं
की मध्यावर येतं.
'आणि थांबतं?'
नाही. तिथंच तर वेग सगळ्यात जास्त.
पुढं निघून जातं.

मग बराच वेळ
नुसता भट्टीचा भाता ऐकू आला.

रात्री जर्नल काढलं. खोडरबर हाताशीच होता.
त्रुटीची कारणे:
हवेचा रोध.
दोऱ्याचा पीळ.
आणि खाली, पेन्सिलीनं नाही, पेनानं,
एक झोका मोजायचा राहिला.