नोएटाइम

तपकीर गल्लीतून आणलेली डिस्क
तळहातावर मावते, फिरत नाही, गुरगुरत नाही.
"लिहायचं ते जपून लिहा, ताई," दुकानातला फिरोज म्हणाला,
"हिची झीज लिहिण्यानं. वाचा कितीही."

धायरीत रात्री साडेअकरा.
बीटीआरएफएस की ईएक्सटी-फोर, यात चहा गार झाला.
शेवटी ईएक्सटी-फोर. आमच्याकडे वीज जाते;
ही जर्नल चाळून पुन्हा उभी राहते.

पुसलेलं तिला लगेच कळवायचं नाही.
एकेक साल घेऊन जिने कोण उतरतं?
सोमवारी एकदाच ट्रिम,
घंटागाडी आल्यासारखी.

राहिला एफएसटॅबमधला एक शब्द.
तो घातला की फाइल शेवटची कधी उघडली
याची नोंदच होत नाही.

जुन्या डिस्कवर होत होती.
सगळं हलवण्याआधी सहज पाहिलं:
सोनोग्राफी, एकोणीस आठवडे.
शेवटची उघडली गुरुवारी, पहाटे तीन बारा.
मी तर झोपले होते, निरंजन.

नोएटाइम लिहिलं. स्वल्पविराम तपासला. माउंट.

आता बघ केव्हाही.
वाचण्यानं ही झिजत नाही.
तुझं मला माहीत नाही.