खालचं निम्मं

जिल्हा सैनिक कार्यालयाला बावीस पायऱ्या.
हे सातव्या पायरीवर थांबतात,
कठड्यावरचा सुटलेला रंग नखानं खरवडत राहतात.
बघणाऱ्याला वाटावं, रंगकामाचीच तपासणी चाललीय.
मी एक पायरी खाली
चपलेचा अंगठा नीट करते, जो नीटच असतो.
पंधराव्या पायरीवर पुन्हा तेच.

कागद इंग्रजीत. वकिलांनी वाचून सांगितला:
फडतरे सर्जेराव, हवालदार, निवृत्त.
फुप्फुसाचा आजार सेवेमुळे झालेला नाही,
सेवेनं वाढलेलाही नाही.
मग कशानं, मी विचारलं.
ते यात लिहीत नाहीत, मावशी.

मेडिकल बोर्डानं विचारलं होतं म्हणे, बिडी?
हे म्हणाले, कधीमधी. सुट्टीवर, जत्रेत.
खरं बोलायची खोड.
त्या एका कधीमधीनं
सतरा हजार फुटांवरचे दोन हिवाळे गिळले.

ते हिवाळे मी नुसते ऐकलेले.
पत्र्याची खोपी, आत सहा जण, मधे रॉकेलची बुखारी.
दार उघडलं तर थंडी,
लावलं तर धूर.
दार लावायचे.
सकाळी तव्याची काजळी पुसावी
तसं नाक पुसायचे.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यात नळीत फुंकायला लावलं.
तपासणारी पोरगी ओरडत होती, फुंका बाबा,
अजून, अजून, सोडू नका, सोडू नका.
मी सुपावर फुंकर मारते, तांदूळ उडू नये म्हणून जपून,
तेवढीसुद्धा यांची निघाली नाही.
मशीनवरची रेघ थोडी चढली
आणि माणगंगा उन्हाळ्यात वाळूत जिरते तशी जिरली.

अपिलाला साक्षीदार पाहिजे.
खोपीतल्या सहांत हे एक.
दोघांचा पत्ता लागत नाही.
एक गढवालात, फोन उचलतो
आणि आधी खोकतो, मग हॅलो म्हणतो.
एकाचा मुलगा म्हणाला, नका आता वडलांना त्रास देऊ.
कवठेमहांकाळचा जोतिराम शेंडगे गेला,
त्याच्या दाखल्यावर हृदय लिहिलंय.

तेव्हा मी पेटी उघडली.
निळं आंतर्देशीय, ब्याण्णवच्या माघातलं,
५६ एपीओचा शिक्का.
‘थुंकी काळी पडते, पण काळजी करू नको,
इथं सगळ्यांचीच पडते.’
मी नव्हती केली काळजी.
करू नको म्हणून लिहिलंच होतं.
मला तर त्याच्या पुढचं पाठ होतं.

वकील खुर्चीतून उठले.
शालनताई, हा पुरावा आहे. तारीख आहे, शिक्का आहे,
कुठं ठेवला होता इतकी वर्षं?
मी म्हणाले, निम्म्याचीच झेरॉक्स काढा.
खालचं निम्मं माझं आहे.
पूर्ण कागद लागतो, ताई. अर्धा दिला
तर समोरचा म्हणेल, काय लपवलं?

हे हातात पंप धरून बसलेले.
मी असं काय लिहिलं होतं गं?
आठवत नव्हतं यांना.
मग हळूच आठवलं असावं,
कानाच्या पाळ्या लाल झाल्या,
तेहतीस वर्षांनी, वकिलासमोर.

पोवई नाक्यावर झेरॉक्सवाल्या पोरानं
पत्र काचेवर ठेवलं.
दुमडू का सरळ?

खालचं निम्मं म्हणजे एकच वाक्य.
बारा ओळी. कुठं स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही,
गव्हाच्या पेरणीपासून निघून
माझ्या वेणीवरून, होणाऱ्या बाळाच्या नावावरून
कुठल्या कुठं जाऊन पोचलेलं,
मधे न थांबता.

सरळ ठेव, मी म्हणाले.
वाचू देत त्यांना.
माझ्या नवऱ्याला तेव्हा केवढा दम होता
ते कुठल्या मशीननं मोजलेलं नाही.

पोरगं म्हणालं, किती प्रती?
मागं दुकानाच्या पायरीवर हे बसलेले.
एकच पायरी होती ती.
तीन, मी म्हणाले.
सहा रुपये झाले.