उलटा घोडा

ट्रॅकर घेतला बिश्केकमध्ये, ओश बाजाराच्या मागे,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कुबानिचबेककडून. जुना.
वजनाला किलोभर साखर. माहितीपुस्तिका नाही.
"दिवसरात्रीत एक फेरी मारतो," तो म्हणाला,
"एवढंच काम. तेवढं तरी कोण नीट करतं?"

मग मार्शरुत्का, मग लोकरीचा ट्रक,
मग सोंग-कोल: तीन हजार मीटर, ऑगस्ट,
आणि ऑगस्टातही पहाटे बादलीत काचेचा पापुद्रा.

तोक्तोसुनमामानं यर्टमागची जागा दाखवली,
जिथं शेणाचा धूर येत नाही.
तिपाई वाऱ्यानं हलली.
पिठाच्या पिशवीत दगड भरून तिच्या पोटाला बांधले.
अक्षांशाचा स्क्रू बेचाळिसाच्या जरा अलीकडे.
मग गुडघे टेकून, मान वाकडी, एक डोळा मिटून
नळीतून ध्रुव शोधायचा.
"किब्ला तिकडे नाही," मामा म्हणाला.

मी म्हटलं, तेमिर काझिक शोधतेय.
तो एकदम गंभीर झाला.
लोखंडी खुंटा.
त्याला दोन घोडे बांधलेत, एक पांढरा, एक करडा,
आणि सात चोर रात्रभर घिरट्या घालतात,
उजाडतं, चोरी राहून जाते.

नळीत मात्र खुंटा खुंट्याच्या जागी नसतो.
मधल्या फुलीपासून बाजूला,
मध्ये एक चंद्र मावून उरेल एवढा.
घड्याळ बघून त्याला बारक्या वर्तुळावर बसवावं लागतं.
हे मी मामाला सांगितलं नाही.
ज्याला सगळे धरून असतात
त्याच्याही गळ्यात दोरी आहे, आखूड,
हे रात्री अकरा वाजता कुणाला कशाला सांगा.

नव्वद सेकंद. मोटर इतकी हळू
की कान लावला तर आपलंच रक्त ऐकू येतं.
पडद्यावर तारे नव्हेत, शेवया.
पुन्हा बसवला. पुन्हा शेवया.
ट्रॅकर बंद करून तेवढाच वेळ पाहिलं:
शेवया निम्म्या.
म्हणजे यंत्र लावून मी बिघडवतच होते.
लेन्सवर दव. सायराकानमामीनं मोज्यात गरम मीठ भरून दिलं,
ते लेन्सच्या गळ्याला बांधलं
आणि सगळं तसंच चालू ठेवून आत शेकायला गेले.

दीड वाजता मामा शिंगरं मोजून परतला.
कॅमेऱ्यापाशी थांबला. बराच वेळ.
"जाताना याचं नाक खिंडीवर होतं," म्हणाला.
"तारे गेले तिकडे, हा आला इकडे.
तुझा घोडा उलटा फिरतोय."
चाबकाच्या दांड्यानं उत्तरेला एक गोल काढला,
उजवीकडून वर, डावीकडून खाली.
"खरे घोडे असे जातात.
हा दोरी गुंडाळून मरेल."

बुडाशी खटका होता, नखाएवढा.
एकीकडे उत्तर, दुसरीकडे दक्षिण.
आधीचा मालक कुठल्या तरी खालच्या देशात
हिंडून आला असणार. तिथलं आकाश
त्यानं तसंच विकून टाकलं होतं.

टक.

दोन वीस. नव्वद सेकंद.
तारे टिंबं. खसखशीहून बारीक.
देवयानीचा लांबट, ओलसर डाग, जसा
कुणी ओठ टेकवून काच सोडलीय.
मी एकटीच ओरडले, कुत्रा भुंकला.
खाली यर्ट मात्र फासलेल्या लोण्यासारखा,
डोंगराची कड थरथरलेली.

मामानं पडदा डोळ्यांपाशी धरला.
ताऱ्यांबद्दल अवाक्षर नाही.
"घर का हललं?"

मी म्हटलं, आपण फिरतोय म्हणून.
तारे धरले की आपण सुटतो.

तो हसेल असं वाटलं होतं.
तो बाहेरून यर्टचे दोर तपासत गेला,
एकेक ओढून, अंधारात,
आणि वाऱ्याकडची एक गाठ
त्यानं खरंच आवळली.